एडामामे: कोवळ्या सोयाबीनमध्ये नेमकं काय असतं, ते कसं शिजवायचं, किती खायचं आणि कोणी जपून खायचं

एडामामेबद्दल सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हे वेगळं पीक नाही आणि कुठल्या प्रयोगशाळेत नवीन सापडलेली चीजही नाही. ज्या सोयाबीनचं तेल निघतं, टोफू बनतो, सोया दूध बनतं तेच झाड आणि तीच शेंग, फक्त दाणा वाळून पिवळा टणक व्हायच्या आधी, कोवळा हिरवागार असताना तोडलेली. जपानीत एदा म्हणजे फांदी आणि मामे म्हणजे दाणा, म्हणजे फांदीवरचा दाणा. चीनमध्ये त्यालाच माओदोउ म्हणतात, त्याचा अर्थ केसाळ शेंग, आणि ताजी शेंग हातात घेतली की हे नाव का पडलं ते लगेच कळतं, वरून बारीक खरखरीत लव असते. जपानमध्ये निचिरेन नावाचे बौद्ध भिक्षू होते, त्यांनी १२७५ साली एका भक्ताला एडामामे पाठवल्याबद्दल आभाराचं पत्र लिहिलं होतं, म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीसुद्धा हा कोणाला तरी आवर्जून पाठवायचा खाऊ होता.

आता ह्या कोवळेपणालाच मी एवढं महत्त्व का देतोय? कारण एडामामेची सगळी गंमत तिथेच आहे. दाणा धड भाजी नसतो आणि धड कडधान्यही झालेला नसतो, आणि त्यामुळे भाजीतले गुण आणि कडधान्यातले गुण एकाच घासात मिळतात. बाकी कुठल्याही हिरव्या भाजीत एवढं प्रोटीन मिळत नाही आणि वाळलेलं कडधान्य शिजवलं की त्यात एवढं फोलेट, म्हणजे बी गटातलं एक व्हिटॅमिन, सहसा शिल्लक राहत नाही. हे नुसतं बोलायला नाही, आकडे बघू.

१०० ग्रॅममध्ये काय मिळतं

शिजवलेल्या, सोललेल्या दाण्यांचे आकडे धरतोय, शेंगेसकट नाही. १०० ग्रॅममध्ये साधारण १२१ कॅलरी, जवळपास १२ ग्रॅम प्रोटीन, ५ ग्रॅमच्या थोडं वर फॅट, ९ ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज आणि त्यातलेच ५ ग्रॅम फायबर. म्हणजे साखरेवर परिणाम करणारे कार्ब्ज उरतात जेमतेम ४ ग्रॅम. फोलेट ३११ मायक्रोग्रॅम, आयर्न सव्वादोन मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ६४, पोटॅशियम ४३६, कॅल्शियम ६३ मिलिग्रॅम, व्हिटॅमिन के २७ मायक्रोग्रॅमच्या आसपास. सोडियम फक्त ६ मिलिग्रॅम, अर्थात आपण मीठ टाकेपर्यंत. जात, पीक आणि शिजवण्याची पद्धत बदलली की आकडे थोडे इकडे तिकडे होतात, पण अंदाज हाच.

शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणजे लक्षात येईल. शिजवलेल्या हिरव्या मटारच्या १०० ग्रॅममध्ये प्रोटीन असतं साडेपाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एडामामेच्या निम्म्याहून कमी, आणि कार्ब्ज १५ ग्रॅमच्या वर. मटार वाईट आहे असं अजिबात म्हणायचं नाही, पण दोघं दिसायला सारखे असले तरी पोटात गेल्यावर काम वेगळं करतात. आणि दुसरीकडे वाळलेलं सोयाबीन भिजवून शिजवलं तर त्यात १०० ग्रॅममागे प्रोटीन १७-१८ ग्रॅम, आयर्न ५ मिलिग्रॅम, म्हणजे एडामामेपेक्षा सरस, पण फोलेट फक्त ५४ मायक्रोग्रॅम. ३११ कुठे आणि ५४ कुठे! त्याच झाडाचा तोच दाणा, फक्त काही आठवडे आधी तोडला म्हणून एवढा फरक. मला स्वतःला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा मी दोन तीन वेळा तपासून बघितला होता.

फायदे, आणि ते कितपत खरे

प्रोटीनपासून सुरू करतो कारण बहुतेक लोक त्यासाठीच एडामामेकडे वळतात. आपलं शरीर स्वतः बनवू शकत नाही अशी ९ अमिनो आम्लं आहेत, ती अन्नातूनच मिळावी लागतात, आणि सोयाबीनमध्ये ती नऊच्या नऊ चांगल्या प्रमाणात असतात. वनस्पतींमध्ये असं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं. मेथिओनिन त्यातल्या त्यात थोडं कमी पडतं, ते भात किंवा गव्हासारख्या धान्यातून आपोआप भरून निघतं, त्यासाठी वेगळा हिशोब मांडत बसायची गरज नाही. एक कप सोललेले दाणे म्हणजे १५५-१६० ग्रॅम, त्यात १८ ग्रॅमच्या वर प्रोटीन येतं. शाकाहारी माणसाला एका वेळच्या जेवणाला हे भरपूर झालं.

पोट भरल्यासारखं वाटणं हा दुसरा मोठा फायदा, आणि हा मी रोजच्या अनुभवावरून सांगतोय. संध्याकाळी पाच साडेपाचला जी भूक लागते ना, ज्या भुकेला माणूस हातात येईल ते बिस्किट चिप्स खात सुटतो, तिथे वाटीभर एडामामे खाल्लं तर रात्रीच्या जेवणापर्यंत निवांत जातं. प्रोटीन आणि फायबर दोन्ही पोटातून हळू पुढे सरकतात हे एक कारण, आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे शेंग एक एक करून सोलून खावी लागते. मुठीने तोंडात टाकता येत नाही. खाण्याचा वेग आपोआप कमी होतो आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ मिळतो. वजन कमी करायचं असेल तर सोललेल्या पाकिटापेक्षा शेंगेतलंच घ्या असं मी सगळ्यांना सांगतो ते ह्याचसाठी.

साखर असणाऱ्यांसाठी, सोयाबीनचा ग्लायसेमिक इंडेक्स खूप कमी आहे, २० च्या आत. खाल्ल्यावर साखर झपकन वर जात नाही. पण इथे एक चूक खूप जण करतात, जेवण नेहमीएवढंच ठेवतात आणि वर एडामामे खातात. त्याने साखर कमी होणार नाही, पोट मात्र जड होईल. ताटातला थोडा भात किंवा नूडल्स कमी करून त्या जागी एडामामे आलं तर फरक पडतो.

कोलेस्टेरॉलबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण ह्यात बरीच ओढाताण झालेली आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी अन्न-औषध खात्याने, १९९९ साली परवानगी दिली होती की रोज २५ ग्रॅम सोया प्रोटीन हे कमी सॅच्युरेटेड फॅटच्या आहाराबरोबर घेतलं तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असं पाकिटावर छापता येईल. मग पुढे जे अभ्यास आले त्यांचे निकाल एकसारखे नव्हते, म्हणून त्याच एफडीएने २०१७ मध्ये ही परवानगी मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला. मग खरं काय? चाचण्या एकत्र करून बघितल्या तर सोया प्रोटीनने एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, साधारण ३ ते ४ टक्के कमी होतं. परिणाम आहे, पण छोटा आहे. औषधाच्या जागी हे चालणार नाही, गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. मात्र हे ३-४ टक्के फक्त सोया प्रोटीनचे आहेत. तुम्ही फॅटवालं लाल मांस किंवा तळलेला खाऊ काढून तिथे एडामामे आणलं तर सॅच्युरेटेड फॅट कमी झाल्याचा फायदा वेगळा मिळतो, आणि खरं सांगायचं तर मोठा वाटा त्याचाच असतो. एडामामेतलं फॅट बहुतेक असंतृप्त असतं, सॅच्युरेटेड १०० ग्रॅमला १ ग्रॅमपेक्षाही कमी, आणि थोडं वनस्पतीजन्य ओमेगा-३ पण असतं.

फोलेट. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम लागतं आणि एक कप दाण्यांत साधारण ४८० येतं. नवीन पेशी तयार व्हायला, रक्त बनायला फोलेट लागतं, आणि गरोदरपणात तर फारच, तेव्हा गरज ६०० पर्यंत जाते. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच पडतो, म्हणजे बऱ्याच बायकांना आपण गरोदर आहोत हे कळायच्याही आधी. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टर आधीपासूनच फॉलिक अॅसिडची, म्हणजे फोलेटचीच, गोळी देतात, ती चुकवायची नाही, एडामामे हे गोळीच्या सोबत, गोळीच्या ऐवजी नाही.

हाडांसाठी व्हिटॅमिन के, मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळं थोडं थोडं मिळतं. पाळी थांबायच्या वयात अंगातून गरम वाफा येतात, घाम फुटतो, त्यावर सोयातल्या आयसोफ्लेव्होन नावाच्या घटकांचा काही बायकांना थोडा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसतं, पण सगळ्यांना सारखा नाही. कारण पण मजेशीर आहे. आतड्यातले काही जीवाणू डेडझीन नावाच्या आयसोफ्लेव्होनपासून इक्वॉल नावाचा पदार्थ बनवतात, आणि हे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. त्यामुळे मैत्रिणीला फरक पडला आणि तुम्हाला नाही पडला तर त्यात तुमचं काही चुकलं असं नाही.

काय मिळत नाही तेही सांगून टाकतो. बी-१२ नाही. व्हिटॅमिन डी नाही. पूर्ण शाकाहारी असाल तर ह्या दोन गोष्टींची सोय दुसरीकडून करावीच लागेल.

पायरी १: शेंगा निवडणं

ताज्या मिळत असतील तर शेंग भरलेली बघा. आतले दाणे एकमेकांना जवळजवळ टेकलेले आणि शेंग फुगीर पाहिजे, बोटाने दाबली तर आत पोकळी लागू नये. रंग भडक हिरवा. पिवळेपणा आला असेल तर दाणा पिठूळ व्हायला लागलेला असतो, गोडवा गेलेला असतो, विषारी वगैरे काही नाही, पण मजा नाही येत. तोडल्यापासून आतली साखर भराभर कमी होत जाते, म्हणून आणल्या आणल्या फ्रिजमध्ये टाका आणि शक्यतो त्याच दिवशी, फार तर दोन दिवसांत शिजवा. फांदीसकट मिळाल्या तर उत्तमच.

फ्रोझन घेण्यात कमीपणा मानू नका. तोडल्यावर लगेच वाफवून गोठवलेलं असतं, त्या वाफेने लिपॉक्सिजिनेज नावाचं एन्झाइम मरतं, तेच ते कच्च्या सोयाबीनचा उग्र वास आणणारं. चार दिवस बाहेर पडून सुकलेल्या ताज्या शेंगेपेक्षा चांगलं फ्रोझन पाकीट कधीही बरं. पाकिटावर मागे बघा, फक्त एडामामे लिहिलेलं असलं पाहिजे. मीठ लावलेलं, सॉस लावलेलं असेल तर सोडियमचा आकडा वाचूनच घ्या. पाकिटाच्या आत बर्फाचा एकसंध गोळा झाला असेल तर माल मध्ये कधीतरी वितळून परत गोठलाय, ते घेऊ नका.

भाजलेले कोरडे दाणे पण मिळतात. त्यात पाणी उडून गेलेलं असतं म्हणून ३० ग्रॅमलाच १३० कॅलरी आणि १३-१४ ग्रॅम प्रोटीन येतं. प्रवासात सोयीचे आहेत पण मूठ मूठ करत पाकीट कधी संपतं कळत नाही.

पायरी २: शिजवणं, आणि इथे घाई करू नका

कच्चं खायचं नाही. कोवळं आहे, हिरवं आहे, सॅलडमध्ये तसंच टाकू असं वाटू शकतं पण नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात, ते प्रोटीन पचवणाऱ्या आपल्या एन्झाइमलाच अडवतात, मग पोट दुखणं, गॅस, मळमळ. शिवाय लेक्टिन नावाची प्रोटीनं, ती पण पोटाला त्रास देतात. उष्णतेने हे बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. आणि फ्रोझनबाबत अजून एक, गोठवल्याने लिस्टेरियासारखे जीवाणू मरत नाहीत, नुसते थांबून राहतात. पाकिटावर खायला तयार असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर वितळवून तसंच खाऊ नका, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं घरात असतील तर मुळीच नाही.

ताज्या शेंगांची जपानी पद्धत मला सगळ्यात आवडते. शेंगा धुवायच्या, कात्रीने दोन्ही टोकं जराशी छाटायची म्हणजे आत चव शिरते, मग थोडं मीठ घेऊन शेंगा हाताने चोळायच्या. चोळताना ती लव निघून येते आणि पाणी गढूळ हिरवट होतं, तिथेच कळतं हे करणं का गरजेचं होतं. मग खळखळत्या पाण्यात टाकायच्या. पारंपरिक प्रमाण लिटरभर पाण्याला ४० ग्रॅम मीठ आहे, त्यातलं बरंचसं मीठ पाण्यातच राहतं आणि सालावर बसतं, पण आपण शेंग दाताने ओढून खातो तेव्हा सालावरचं मीठ पोटात जातंच. बीपी असेल तर मीठ फक्त चोळण्यापुरतं वापरा, नंतर धुऊन टाका आणि उकळत्या पाण्यात मीठ घालू नका. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक छोटा चमचाभर, हा डब्ल्यूएचओचा सल्ला आहे, तो एडामामेवरच संपवायचा नाही.

परत उकळी आली की घड्याळ लावा, ५ मिनिटं. मग एक शेंग काढून दाणा चावून बघा. दाताखाली किंचित दाब द्यावा लागला पाहिजे, पण कच्चा गवतासारखा वास यायला नको. वास येतोय तर अजून एक मिनिट. भांड्यावर झाकण ठेवू नका. कारण असं की शिजताना दाण्यातून जी आम्लं सुटतात ती वाफेबरोबर निघून जायला पाहिजेत, ती आत कोंडली की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटतं आणि भडक हिरव्याचा मळकट शेवाळी रंग होतो. लिंबू पिळायचं असेल तर त्याच कारणासाठी अगदी शेवटी, ताटात घेतल्यावर. पाणी निथळून शेंगा पसरट ताटात एका थरात पसरा आणि पंख्याखाली गार करा. गार पाण्याखाली धरल्या तर लवकर थंड होतात खऱ्या पण चव पाणचट होते, मी सुरुवातीला कित्येक महिने तसंच करत होतो आणि बाहेर खाल्लेल्यासारखी चव घरी का येत नाही ह्याचा विचार करत बसायचो.

फोलेट आणि व्हिटॅमिन सी दोन्ही पाण्यात विरघळतात, त्यामुळे उकळून पाणी फेकलं की थोडं त्याबरोबर जातं. शेंगेत असताना साल आड येतं म्हणून कमी जातं. सोललेले दाणे असतील तर सरळ वाफवा, ४-५ मिनिटं पुरतात. आणि सूपमध्ये टाकणार असाल तर प्रश्नच नाही, पाणी पोटातच जातंय. फ्रोझन आधीच अर्धं शिजलेलं असतं म्हणून ३-४ मिनिटांत होतं, मायक्रोवेव्हमध्ये दोन चमचे पाणी शिंपडून झाकून केलं तरी चालतं, फक्त मधोमधचा भाग वाफाळता गरम झालाय ना ते बघा.

साल खायचं नाही. ते चिवट, धाग्यांचं असतं, चावून चावून गोळा होतो आणि पचत नाही. शेंग ओठांशी धरून बोटांनी दाबली की दाणा तोंडात सरकतो, साल बाजूला ठेवायचं.

पायरी ३: किती खायचं

शेंगेसकट वजन केलं तर खायचा भाग साधारण निम्मा निघतो, हे लक्षात ठेवा नाहीतर हिशोब चुकतो. म्हणजे २०० ग्रॅम शेंगा घेतल्या तर दाणे १०० ग्रॅमच्या आसपास. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला अर्धा ते एक कप दाणे हे छान प्रमाण आहे, रोज खाल्लं तरी चालतं, आठवड्यातून तीन चारदा खाल्लं तरी चालतं.

पण पहिल्याच दिवशी कपभर खाऊ नका. सवय नसेल तर गॅस होणार. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या पचवायचं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतं, मग त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जीवाणू त्यावर ताव मारतात, गॅस तिथे तयार होतो. कोवळ्या दाण्यात ह्या साखरा वाळलेल्या सोयाबीनपेक्षा कमी असतात म्हणून ज्यांना सोयाबीन सोसत नाही त्यांनाही एडामामे बऱ्याचदा सोसतं. पहिला आठवडा पाव कप, मग वाढवा, आणि पाणी प्या व्यवस्थित, नुसतं फायबर वाढवून पाणी नाही प्यायलं तर उलट पोट बांधतं.

पायरी ४: कशाबरोबर

आयर्न मिळावं म्हणून खात असाल तर ही पायरी सोडू नका. वनस्पतीतलं आयर्न तसंही कमी शोषलं जातं आणि सोयाबीनमधला फायटेट नावाचा घटक ते अजून धरून ठेवतो. व्हिटॅमिन सी सोबत असलं की ही पकड सैल होते. म्हणून लिंबू, कच्ची ढोबळी मिरची, टोमॅटो, संत्र्याच्या फोडी ह्यातलं काहीतरी त्याच ताटात असू द्या. आणि चहा कॉफी जेवणाबरोबर नाही, तासभर तरी थांबा.

बाकी बनवायला सोपं आहे. गरम दाण्यांवर ठेचलेला लसूण परतून, मिरपूड आणि भाजलेले तीळ टाकले की झालं. भातात, नूडल्समध्ये, सूपमध्ये, सॅलडमध्ये मूठभर टाका. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे शिजलेले दाणे, लसणाची एक पाकळी, लिंबू आणि चमचाभर तिळाची पेस्ट मिक्सरमधून काढून ब्रेडवर लावायचं, लोण्याच्या किंवा मेयोनीजच्या जागी. ज्या पदार्थात फक्त कार्ब्ज आहेत त्यात एडामामे टाका, ज्यात आधीच चीज, मांस, अंडी भरपूर आहेत त्यात अजून टाकून काही साधत नाही.

हार्मोनची भीती

हा प्रश्न येतोच. आयसोफ्लेव्होनची रचना इस्ट्रोजेन ह्या स्त्री हार्मोनसारखी दिसते म्हणून सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात, बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो असं फिरत असतं. रचना सारखी असणं आणि काम सारखं असणं ह्यात खूप फरक आहे. शरीरात इस्ट्रोजेनचे दोन प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटून काम करतं त्या जागा, असतात, आयसोफ्लेव्होन त्यातल्या बीटा प्रकाराला जास्त चिकटतात आणि त्यांचा जोर खऱ्या इस्ट्रोजेनच्या मानाने फार कमी असतो. पुरुषांवरचे ४१ अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये विश्लेषण झालं, त्यात टेस्टोस्टेरॉनवर किंवा इस्ट्रोजेनवर काही परिणाम दिसला नाही. आणि शांघायमध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या ५,०४२ बायकांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात ज्या बायका सोया जास्त खात होत्या त्यांच्यात आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमीच होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, सोयानेच बरं झालं असा त्याचा अर्थ नाही, पण घाबरायचं कारण नाही एवढं त्यातून नक्की दिसतं. हे सगळं अन्नातल्या सोयाबद्दल आहे हं. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या, पावडरी हा वेगळा विषय, त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

कोणी जपून

सोयाची अॅलर्जी असेल तर अजिबात नाही, थोडंसं पण नाही. खाल्ल्यावर ओठ सुजणं, अंगावर गांधी, श्वास लागणं असं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा. काही जणांना बर्च झाडाच्या परागकणांची अॅलर्जी असते, त्यांना सोयाने पण तोंडात खाज सुटू शकते कारण दोन्हीकडची प्रोटीन एकमेकांसारखी असतात.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी नीट वाचा. थायरॉईड निरोगी असेल आणि आहारात आयोडीन पुरेसं असेल तर सोयाने काही बिघडत नाही. पण लेव्होथायरॉक्सिन घेत असाल तर सोयामुळे त्या गोळीचं शोषण कमी होतं. आमच्या घरात आईचं हेच झालं होतं, सकाळी गोळी आणि अर्ध्या तासात नाश्त्याला एडामामे, रिपोर्ट वर खाली व्हायला लागले, डोस वाढवायची वेळ आली. डॉक्टरांनी खाण्याच्या वेळा विचारल्या तेव्हा उलगडा झाला. आता ती गोळी उठल्या उठल्या घेते आणि एडामामे संध्याकाळी खाते, मध्ये चार तासांहून जास्त अंतर राहतंच. डोस परत पहिल्यावर आला.

रक्त पातळ करायचं वॉरफेरिन चालू असेल तर व्हिटॅमिन केमुळे एकदम भरपूर खाणं किंवा एकदम बंद करणं दोन्ही नको, रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा. किडनीचा आजार असेल तर पोटॅशियम आणि प्रोटीन दोन्ही मोजून खावं लागतं. ऑक्झलेटचे मुतखडे होऊन गेले असतील तरी विचारून घ्या, सोयाबीनमध्ये ऑक्झलेट असतं.

लहान मुलांना अख्खा दाणा देऊ नका. तो गोल, गुळगुळीत आणि नेमका घशात अडकेल एवढा असतो. शिजवल्यावर दाण्यावरचं पातळ आवरण काढायचं, बोटाने दाबलं की सटकन निघतं, मग दाणा चमच्याच्या पाठीने ठेचून द्यायचा. भाजलेले कडक दाणे तर चार वर्षांच्या आत नकोच. आणि पहिल्यांदा देताना अर्धा चमचाच द्या, सकाळच्या वेळी, म्हणजे अॅलर्जीचं काही निघालं तर दिवसभर बाळ डोळ्यासमोर असतं.